प्रीमियम पेट्रोल : जादा पैशांत टाकीत नेमके काय पडते?

खास प्रतिनिधी
शहापूर

पेट्रोल पंपावर गाडी उभी राहिली, की टाकीचे झाकण उघडण्यापूर्वीच ‘साधे की पॉवर?’ हा प्रश्न कानी पडतो. वास्तविक ‘पॉवर’ हे हिंदुस्तान पेट्रोलियमच्या पेट्रोलचे नाव आणि ‘स्पीड’ हे भारत पेट्रोलियमच्या. इंडियन ऑइलचे याच वर्गातील पेट्रोल सध्या ‘एक्सपी ९५’ या नावाने विकले जाते. परंतु लिटरमागे साधारणतः सहा ते नऊ रुपये जास्त मोजावे लागणाऱ्या या पेट्रोलकडे ग्राहक मात्र एकाच नजरेने पाहतो. महाग आहे म्हणजे चांगले असणार, इंजिनाला ताकद देणार आणि ॲव्हरेज वाढवणार, अशी त्याची समजूत असते. ही समजूत कितपत खरी, हे तपासण्यासाठी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांइतकी योग्य जागा सापडणे कठीण. येथे गाडी हौसेसाठी क्वचितच असते, ती पोटापाण्यासाठी असते.

शहापूर तालुक्यातील गावांमधून रोज पहाटे दुचाकी निघतात त्या आसनगाव, आटगाव, खर्डी किंवा वासिंद स्थानकाकडे. तेथून कल्याण, ठाणे, मुंबईची लोकल. मुरबाडला तर रेल्वेच नाही. त्यामुळे नोकरदाराला एसटी पकडावी लागते, नाहीतर स्वतःच्या दुचाकीने सुमारे तीस किलोमीटरवरचे कल्याण गाठावे लागते. किन्हवली, सरळगाव, धसई, टोकावडे या बाजारगावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर दुचाकी हेच मुख्य वाहन. महिन्याच्या खर्चात किराण्यानंतर पेट्रोलचाच क्रमांक लागतो, अशी अनेक घरे येथे आहेत. अशा घरात लिटरमागे सात रुपये ही किरकोळ बाब नव्हे.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

महागड्या पेट्रोलच्या पाटीवर ठळकपणे असतो तो ९५ किंवा १०० हा आकडा. हा ऑक्टेनचा आकडा होय. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पिस्टनने दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटते. ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत असताना, ती पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण दाब आणि उष्णतेमुळे आपोआप भडकले, तर इंजिनातून धातूवर टकटक केल्यासारखा आवाज येतो. यालाच गॅरेजच्या भाषेत ‘नॉकिंग’ म्हणतात. हे असे अवेळी भडकणे पेट्रोल किती रोखून धरू शकते, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. १९२० च्या दशकात अमेरिकेत आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि हेप्टेनला शून्य गुण देऊन ही मोजपट्टी ठरवण्यात आली.

म्हणजेच ऑक्टेनचा आकडा पेट्रोलात किती ऊर्जा आहे ते सांगत नाही. ते किती दाब सोसू शकते एवढेच सांगतो. ज्या इंजिनात मिश्रण फार दाबले जाते त्याला जास्त ऑक्टेन लागते. जे इंजिन कमी ऑक्टेनवरही नॉकिंगविना चालण्यासाठीच बनवले आहे, त्याला जास्त ऑक्टेन देऊन त्याची ताकद वाढत नाही. शंभर-सव्वाशे सीसीची रोजची मोटारसायकल, स्कूटर आणि साधे पेट्रोल इंजिन असलेली छोटी मोटार ही सारी वाहने बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या साध्या पेट्रोलवर चालावीत, अशीच बनवलेली असतात. उलट उच्च दाबाच्या, जास्त क्षमतेच्या स्पोर्ट्स बाइक आणि काही टर्बो पेट्रोल मोटारी यांना ९५ ऑक्टेनचा खराखुरा उपयोग असतो. आपली गाडी कोणत्या वर्गातली, हे पंपावरच्या माणसाला विचारण्याची गरज नाही. गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत आणि बहुधा टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस ते छापलेले असते.

इथेनॉलने बदललेला हिशेब

येथवरचे विवेचन वीस वर्षांपूर्वीही करता आले असते. २००२ च्या सुमारास ब्रँडेड पेट्रोल देशात आले, तेव्हा साध्या आणि महागड्या पेट्रोलच्या ऑक्टेनमध्ये खरेच अंतर होते. भारत स्टेज सहा मानकांनुसार साध्या पेट्रोलचे किमान ऑक्टेन ९१ आहे आणि प्रीमियमचे ९५. चार गुणांचा हा फरक पुष्कळ वर्षे प्रीमियमच्या बाजूने सांगितला गेला.

दरम्यान साध्या पेट्रोलचेच स्वरूप बदलले आहे. फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर मिळू लागलेले वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल, म्हणजेच ‘ई २०’, २०२५ मध्ये देशभर सर्वत्र पोहोचले. इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन १०८ च्या घरात आहे. ते मिसळल्याने मिश्रणाचे ऑक्टेन आपोआप चढते. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ई २० विषयीच्या शंकांना उत्तर देताना हेच सांगितले, की वीस टक्के मिश्रणामुळे साध्या पेट्रोलचे ऑक्टेन आता ९५ वर गेले आहे. ई २० वरून झालेल्या वादात या वाक्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. परंतु त्याचा सरळ अर्थ असा, की ९५ ऑक्टेनसाठी जे जास्तीचे पैसे दिले जातात, ते ऑक्टेन साध्या नळीतूनही मिळत आहे. मग सात रुपये कशाचे?

उरतात ती त्यातील शोधक द्रव्ये, म्हणजे ॲडिटिव्ह. त्यांचा विचार पुढे करू. त्याआधी ई २० संबंधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या जुन्या गाडीचे ॲव्हरेज घटले म्हणून अनेक जण प्रीमियमकडे वळले आहेत. ॲव्हरेज घटण्याची तक्रार खोटी नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या पद्धतीच्या चारचाकींचे ॲव्हरेज ई २० वर सहा ते सात टक्क्यांनी आणि दुचाकींचे तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. पण ९५ ऑक्टेनच्या प्रीमियम पेट्रोलातही इथेनॉल मिसळलेले असते. त्यामुळे इथेनॉलपासून सुटका म्हणून ते घेणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध भलतीकडे.

राहिले १०० ऑक्टेनचे पेट्रोल. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये मथुरा रिफायनरीत तयार झालेले ‘एक्सपी १००’ मुंबई-पुण्यासह दहा शहरांत बाजारात आणले, तेव्हा त्याचा दर लिटरला १६० रुपये होता. त्यावेळी मुंबईत साधे पेट्रोल ८९ रुपयांच्या आसपास होते. हे पेट्रोल महागड्या परदेशी मोटारी आणि शर्यतीच्या दर्जाच्या मोटारसायकलींसाठी आहे. किन्हवलीहून आसनगावला जाणाऱ्या स्प्लेंडरला त्याचे काही प्रयोजन नाही.

सात रुपये जातात कोठे?

किमतीतील फरकाचा सगळाच भाग टाकीत पडत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ब्रँडेड पेट्रोल-डिझेलवर केंद्र सरकार साध्या इंधनापेक्षा जास्त उत्पादन शुल्क आकारत आले आहे. उदाहरणार्थ, ऑक्टोबर २०१८ मध्ये हा फरक पेट्रोलवर लिटरमागे १ रुपया १८ पैसे आणि डिझेलवर २ रुपये ३६ पैसे होता. त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर. महाराष्ट्रात तो पेट्रोलवर २५ टक्के असून त्याखेरीज लिटरमागे ठरावीक रकमेचा अधिभार आहे. जुलै २०२४ पर्यंत मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिका क्षेत्रांत हाच कर २६ टक्के होता. हा कर टक्केवारीने लागत असल्याने मूळ किंमत जितकी जास्त तितका करही जास्त.

ढोबळमानाने हिशेब केला, तर सात रुपयांच्या फरकातील सुमारे एक रुपया चाळीस पैसे राज्याच्या करापोटी आणि सव्वा रुपयाच्या आसपास केंद्राच्या जादा शुल्कापोटी जातात. म्हणजे दोन रुपये साठ-पासष्ट पैसे सरकारी तिजोरीत गेले आणि उरलेल्या साडेचार रुपयांच्या आतबाहेर शोधक द्रव्यांचा खर्च, कंपनीचा नफा आणि जाहिरात. ग्राहकाला मात्र आपण सात रुपयांची ‘पॉवर’ घेतली असेच वाटते.

हिशेबासाठी साधे पेट्रोल १०४ रुपये आणि प्रीमियम १११ रुपये धरू. सात रुपये वसूल व्हायचे, तर ॲव्हरेज जवळजवळ पावणेसात टक्क्यांनी वाढले पाहिजे. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलने ५३ किलोमीटर ४०० मीटर दिले, तर बरोबरी झाली. १६ किलोमीटर देणाऱ्या मोटारीने १७ किलोमीटरहून थोडे अधिक दिले पाहिजेत. मुरबाडहून कल्याणला रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर याप्रमाणे पंचवीस दिवसांचे दीड हजार किलोमीटर होतात. त्यासाठी महिन्याला तीस लिटर पेट्रोल लागले, तर प्रीमियमचा जादा खर्च महिन्याला २१० आणि वर्षाला २,५२० रुपये. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या मोटारीच्या बाबतीत तो वर्षाला ५,२५० रुपयांवर जातो.

पावणेसात टक्के वाढ खरेच होते काय? यासंबंधी अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशन या वाहनधारकांच्या संघटनेने केलेल्या चाचण्या उद्बोधक आहेत. ज्या मोटारींसाठी साधे पेट्रोल पुरेसे आहे असे उत्पादकच सांगतो, त्यांत प्रीमियम टाकून काहीही लाभ होत नाही, असा निष्कर्ष या संघटनेने २०१६ मध्ये काढला आणि अमेरिकी ग्राहक वर्षाला दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम यापायी वाया घालवतात, असे म्हटले. पुढच्या वर्षी तिने ज्या मोटारींना प्रीमियम वापरण्याची उत्पादकाने शिफारस केलेली आहे, अशा मोटारी तपासल्या. त्यांत सरासरी इंधनबचत २.७ टक्के निघाली. म्हणजे ज्यांना त्याचा उपयोग आहे, अशा गाड्यांचीही बचत आपल्या पावणेसात टक्क्यांच्या निम्म्याहून कमी. तेथील पेट्रोल आणि तेथील गाड्या वेगळ्या, हे मान्य. पण शंभर सीसीच्या दुचाकीला याहून मोठा लाभ व्हावा, असे कोणतेही कारण दिसत नाही.

शोधक द्रव्यांची खरी बाजू

मग प्रीमियम ही निव्वळ फसवणूक आहे काय? तसेही म्हणता येत नाही. पेट्रोल जळताना इंजिनाच्या आत काजळी आणि चिकट थर साचतात, विशेषतः इंजेक्टरच्या तोंडाशी आणि हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवर. प्रीमियम पेट्रोलातील शोधक द्रव्ये हे थर साचू देत नाहीत आणि साचलेले काही अंशी धुऊन काढतात. वर उल्लेखिलेल्या संघटनेच्याच २०१६ च्या दुसऱ्या चाचणीत, पुरेशी शोधक द्रव्ये नसलेल्या पेट्रोलवर चार हजार मैल चालवलेल्या इंजिनांत, चांगली द्रव्ये असलेल्या पेट्रोलच्या तुलनेत सरासरी एकोणीस पट अधिक थर आढळला. लाभ आहे, तो खरा आहे. परंतु अमेरिकेत त्या दोन पेट्रोलांच्या दरातील फरक गॅलनला सरासरी तीन सेंट, म्हणजे अगदी नाममात्र होता. आपल्याकडेही जिओ-बीपी या कंपनीने २०२१ मध्ये नवी मुंबईजवळच्या नावडे येथे पहिला पंप सुरू करताना, शोधक द्रव्ये असलेले इंधन जादा दर न लावता देणार असल्याचे जाहीर केले होते. तेव्हा प्रश्न द्रव्यांच्या उपयुक्ततेचा नसून त्यांच्या किमतीचा आहे.

साचणारे थर एका दिवसात साचत नाहीत, त्यामुळे ते रोज धुण्याचीही आवश्यकता नाही. एप्रिल २०२० नंतरच्या दुचाकींमध्ये बहुतांशी कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे. गावापासून स्टेशनापर्यंत तीन-चार किलोमीटर धावून दिवसभर उभी राहणारी अशी गाडी पुरती तापतच नाही आणि तिच्यात काजळी लवकर धरते. अशा गाडीत दोन-तीन महिन्यांतून एखादी टाकी प्रीमियमची भरावी, बाकी साधे पेट्रोल वापरावे, हा मध्यम मार्ग प्रस्तुत प्रतिनिधीला पटण्याजोगा वाटतो. त्याचा वर्षाचा खर्च तीनशे रुपयांच्या आत राहतो. उरलेल्या पैशांत वेळेवर ऑइल बदलणे, एअर फिल्टर साफ करणे आणि टायरमध्ये नेमकी हवा ठेवणे यांचा ॲव्हरेजवर अधिक परिणाम होतो. शहापूर-मुरबाडच्या मातीच्या आणि खडीच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात उडणारी धूळ पाहता एअर फिल्टरची गोष्ट तर येथील प्रत्येक दुचाकीस्वाराने मनावर घ्यावी. पंपावर हवा मोफत मिळते, तो ग्राहकाचा हक्क आहे.

घाटाचा एक मुद्दा येथे नेहमी निघतो. कसारा किंवा माळशेज घाट चढताना, मे महिन्याच्या उन्हात, चार माणसे बसलेल्या मोटारीचे इंजिन टकटक करू लागते आणि प्रीमियम टाकले की ते थांबते, असा काहींचा अनुभव असतो. तो अशक्य नाही. चढावर जादा भार असताना, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरला, की नॉकिंगची शक्यता सर्वाधिक असते. पण गिअर एक पायरी खाली घेतला तरी ते थांबते आणि त्याला पैसे पडत नाहीत. आधुनिक मोटारींत तर नॉकिंग ओळखणारा सेन्सरच असतो. तो ठिणगीची वेळ आपणहून मागे घेतो. टर्बो पेट्रोल मोटार घेऊन सहकुटुंब नाशिकला किंवा जुन्नरला निघालेल्याने त्या एका फेरीसाठी प्रीमियम भरले, तर त्यात गैर काही नाही.

डिझेलची गोष्ट थोडी वेगळी आहे. टोकावडे, डोळखांब या भागांत प्रवासी वाहतूक करणाऱ्या जीप आणि भाजीपाला वाहणारे टेम्पो दिवसभर भाराने चालतात. इंडियन ऑइलचे ‘एक्स्ट्राग्रीन’ किंवा हिंदुस्तान पेट्रोलियमचे ‘टर्बोजेट’ यांसारख्या डिझेलमध्येही शोधक द्रव्ये असतात. ‘एक्स्ट्राग्रीन’बाबत कंपनीचा पाच-सहा टक्के इंधनबचतीचा दावा आहे. साधे डिझेल ९० रुपये आणि जादा दर चार रुपये धरला, तर साडेचार टक्क्यांच्या बचतीत पैसे वसूल होतात. दावा खरा ठरला तर सौदा फायद्याचा. तो आपल्या गाडीत खरा ठरतो की नाही, हे रोज तोच मार्ग, तेवढाच भार असलेल्या जीपवाल्याला वहीत नोंद ठेवून सहज पडताळता येईल.

ही नोंद कशी ठेवावी, तेही सांगितले पाहिजे, कारण बहुतेकांचा ‘फरक पडतो’ हा अनुभव एका टाकीवर आधारलेला असतो. दहा लिटरच्या टाकीत पाव लिटर पेट्रोल वरखाली भरले गेले, तरी ॲव्हरेजमध्ये अडीच टक्क्यांचा खोटा फरक दिसतो. म्हणून पंप तोच, नळी तीच, पहिल्यांदा नळी आपोआप बंद होईल तेथवरच भरायचे आणि साध्या पेट्रोलच्या किमान तीन टाक्या व प्रीमियमच्या तीन टाक्या यांची तुलना करायची. आणखी एक गंमत अशी, की महागडे पेट्रोल भरल्यावर माणूस गाडीही जपून चालवतो.

भेसळीची भीती

ग्रामीण भागातील अनेक जण प्रीमियम घेतात ते ॲव्हरेजसाठी नव्हे, तर ‘साध्यात भेसळ असते’ या भीतीने. ही भीती हवेतून आलेली नाही. शहापूरहून कसारा घाट ओलांडून पुढे नाशिक जिल्ह्यात गेले, की मनमाड लागते. तेथेच २५ जानेवारी २०११ रोजी इंधनाची चोरी आणि भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. त्या काळी सवलतीचे रॉकेल स्वस्त होते आणि दरातील तफावत हेच भेसळीचे मूळ होते. पुढे २०१७ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यातील अनेक पंपांवर छापे घालून, यंत्रात चिप बसवून कमी पेट्रोल देण्याचा प्रकार उघडकीस आणला.

मात्र यावर प्रीमियम हा उपाय ठरत नाही. मापात मारणारे यंत्र दोन्ही नळ्यांना लावता येते. त्यातही ग्रामीण पंपावर महागड्या पेट्रोलचा खप थोडा असेल, तर ते जमिनीखालच्या टाकीत अधिक दिवस पडून राहते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले, तर इथेनॉल पाण्यासह तळाशी वेगळे होते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात चार महिने कोसळणारा पाऊस पाहता, ज्या पंपावर खप भरपूर आहे आणि टँकर वारंवार येतो तेथील ताजे साधे पेट्रोल केव्हाही बरे. आतल्या गावांतील दुकानांत प्लास्टिकच्या बाटलीतून विकले जाणारे पेट्रोल तर अडचणीच्या वेळेपुरतेच.

शंका आली तर ग्राहकाला पंपावरच तपासणी मागता येते. फिल्टर पेपरवर पेट्रोलचा एक थेंब टाकला, की तो दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून जायला हवा. पेट्रोलच्या रंगाची फिकट गुलाबी छटा राहिली तर हरकत नाही; तेलकट डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यावी. घनता मोजून ती पंपाच्या नोंदीतील घनतेशी ताडून पाहता येते. दोहोंत घनमीटरला तीन किलोग्रॅमपेक्षा अधिक अंतर नसावे. मापाबद्दल शंका असेल, तर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेल्या पाच लिटरच्या मापात पेट्रोल भरून दाखवण्यास सांगावे. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतची तूट नियमात बसते, त्याहून अधिक नाही.

‘साधे संपले आहे, पॉवरच शिल्लक आहे’ असे सांगितले गेले, तर गरजेपुरते एक लिटर भरून पुढचा पंप गाठावा. असे वारंवार घडत असेल, तर पंपावरील तक्रार वही मागून तीत तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक घालून नोंद करावी. ही वही ग्राहकाला देणे पंपचालकावर बंधनकारक आहे. भरलेल्या इंधनाची पावतीही मागून घ्यावी, कारण तीवर इंधनाचा प्रकार आणि दर छापलेला असतो आणि साधे सांगूनही महागडे भरले गेले असल्यास तोच पुरावा ठरतो.